दोन महिन्यांच्या हिशेबातून नगाचा खरा खर्च

सांगली जिल्ह्यातील मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. पण भाव सांगताना आपले कित्येक कारागीर एकूण खर्चाला नगांनी भागून मोकळे होतात. नुकसान होते ते इथेच, असे आम्हाला वाटते.

समजा, एका महिन्यात ४ तंबोऱ्यांना ६८,००० रुपये खर्च आला, दुसऱ्या महिन्यात तशाच ७ तंबोऱ्यांना १,०७,०००. नग ३ वाढले, खर्च ३९,००० वाढला. म्हणजे नगामागे १३,०००. भोपळा, लाकूड, तारा, मजुरी यांचा हा खर्च. शाळेच्या गणितात यालाच रेषेचा ‘चढ’ म्हणतात. आता ६८,००० मधून ४ नगांचे ५२,००० वजा करा. उरलेले १६,००० म्हणजे गाळ्याचे भाडे, विजेचा स्थिर आकार वगैरे; एकही तंबोरा झाला नाही तरी ते भरावेच लागतात. हा ‘वाय-आंतरछेद’.

पहिल्या महिन्याचा सरळ भागाकार १७,००० येतो. मंदीच्या महिन्यात साताऱ्याहून दोनच तंबोऱ्यांची मागणी आली आणि याच भावाने दिले, तर हाती ३४,००० आणि खर्च ४२,०००! उलट चार नग ठरलेले असताना पाचवा कोणी १५,००० ला मागितला, तर तो जरूर द्यावा, २,००० सुटतात. मात्र लाकडाचा किंवा मजुरीचा दर बदलला, की दोन नवे महिने घेऊन हिशेब पुन्हा मांडावा.