पडद्यामागचा कोंडा
(जुनी यंत्रं, नवा जीव : भाग 7)

मागच्या आठवड्यात आपण टॉवरवाला संगणक उघडला. त्यात निदान हात घालायला जागा असते. ऑल-इन-वनमध्ये पडदा, मदरबोर्ड, डिस्क, पंखा सगळं एकाच चपट्या पेटीत कोंबलेलं. म्हणून मेकॅनिकही कचरतात आणि चांगला चालता संगणक भंगारात जातो. मला ते बघवत नाही.

आजचा संगणक तुमसरच्या एका राईस मिलच्या ऑफिसातला. 2014 सालचा, चौथ्या पिढीच्या आय-थ्री प्रोसेसरचा. दिवाणजी म्हणाले, "चालू करून चाय पिऊन येतो जी, तरी हा खुलत नाही. अन् तारीख रोजच 1 जानेवारी!"

आधी अॅडॉप्टर काढला आणि चालू करायचं बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरलं, म्हणजे आत उरलेली वीज उतरते. काही संगणकांत वीजपुरवठ्याची पेटी आतच असते. ती उघडायची नाही. तिच्या कपॅसिटरमध्ये वायर काढल्यावरही झटका देण्याइतकी वीज साठून राहू शकते. मग सतरंजीवर पडदा पालथा घातला, स्टँड काढला, रबरी बुचांखाली लपलेले स्क्रू शोधले आणि प्लास्टिकची पट्टी फटीत घालून खालच्या कडेपासून झाकण सोडवत गेलो. जोर लावावासा वाटला की समजावं, एखादा स्क्रू राहिलाय. निघालेला प्रत्येक स्क्रू कागदावर चित्र काढून त्याच्या जागी चिकटवून ठेवावा, कारण त्यांची लांबी सारखी नसते.

आत जे दिसलं ते साध्या घरात दिसत नाही. तांदळाच्या कोंड्यात तेल असतं, त्याचंच तर राईस ब्रान तेल निघतं. गिरणीतला हा बारीक कोंडा धुळीत मिसळून पंख्यामागच्या जाळीवर नमद्यासारखा थापला होता. ब्लोअरनं तो हलेना. बोटानं सोलून काढला, तर अख्खी पट्टी हातात आली, पिवळट, चिकट, खवट वासाची. मे महिन्यात इथलं तापमान 45 अंशांकडे जातं, तेव्हा हा बिचारा श्वास कुठून घेणार? उरलेलं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या टूथब्रशनं साफ केलं. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवावं, नाहीतर वाऱ्यानं भरमसाट फिरून बेअरिंग जातं.

प्रोसेसरची उष्णता तांब्याच्या नळीतून जाळीकडे जाते. तांबं किती झटकन तापतं हे भंडाऱ्यातल्या भांडी घडवणाऱ्यांना सांगायला नको. पण नळी आणि प्रोसेसर यांच्यामधली पेस्ट वाळून खडूसारखी झाली होती. ती पुसून वाटाण्यापेक्षा लहान थेंब नव्या पेस्टचा लावला. जास्त लावून गारवा वाढत नाही.

आता 'चाय'चा प्रश्न. जुन्या हार्ड डिस्कची तबकडी मिनिटाला 5400 वेळा फिरते आणि दर वेळी हवी ती जागा गाठायला दहा-बारा मिलिसेकंद लागतात. संगणक सुरू होताना हजारो बारक्या फायली वाचाव्या लागतात, सगळा वेळ तिथं जातो. एसएसडीत फिरणारं काही नसतंच. ती त्याच आकाराची, त्याच खाचेत बसली. झाकण उघडण्याआधीच जुन्या डिस्कची हुबेहूब प्रत तिच्यावर घेतली होती, त्यामुळे हिशेबाची एकही नोंद गेली नाही. रॅम 4 जीबीची 8 केली. लॅपटॉपची छोटी पट्टीच लागते, आणि डीडीआर-3 नव्हे, 1.35 व्होल्टची डीडीआर-3एल. दुकानदार दोन्हीला एकच म्हणतो, तुम्ही पट्टीवरचं लेबल वाचा.

विंडोज 10 ची नेहमीची सुरक्षा-अद्यतनं 14 ऑक्टोबर 2025 ला बंद झाली आणि विंडोज 11 या प्रोसेसरला अधिकृतपणे घेत नाही. त्यावरचा उपाय लिनक्स, तो पुढच्या भागात सविस्तर.

शेवटी मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल बदलला, सीआर 2032. तारखेचा दोष एवढाच होता. झाकण बसवण्याआधी संगणक चालू करून पाहिला. दिवाणजी चहा सांगायला उठले आणि दारातूनच परत फिरले. स्क्रीन आली होती. त्यांनी खुर्ची ओढली आणि आजची तारीख स्वतःच्या हातानं भरली.