पोकळ खड्याची करामत

ऐक मुक्ते, शाळेत पाणी शुद्ध करायला शिकवलं ना? तुरटी, वाळू, कोळसा. पण अडकलेल्या घाणीचं पुढे काय होतं, ते सांगितलं का? काहीच होत नाही. पाण्यातून उठते आणि कोळशात जाऊन बसते, एवढंच. कापडाच्या रंगाचे किंवा अँटिबायोटिकचे रेणू तर पाण्यात पार विरघळलेले असतात, ते वाळूला दादच देत नाहीत. त्यांना मोडायलाच हवं.

मोडणारा गडी जुनाच आहे. केंब्रिजच्या हेन्री फेंटननी १८९४ साली लिहून ठेवलं, की चिंचेतलं टार्टारिक आम्ल घ्या, त्यात लोहाचा क्षार आणि हायड्रोजन पेरॉक्साइड घाला, की आम्लाचं रूपच पालटतं. जखमेवर फसफसतं ना, तेच पेरॉक्साइड! असं का होतं, याचा उलगडा व्हायला मात्र चाळीस वर्षं गेली. हाबर आणि वाइस हे दोन रसायनतज्ज्ञ म्हणाले, लोह पेरॉक्साइडला फोडतं आणि त्यातून हायड्रॉक्सिल मूलक बाहेर पडतो. भारी तापट! सेकंदाचा हजारावा भागसुद्धा टिकत नाही, पण तेवढ्यात शेजारी सापडेल त्या रेणूवर तुटून पडतो.

मग अडलं कुठे? लोहापाशी. मोकळं सोडलेलं लोह पाणी चांगलं आंबट असेपर्यंतच नीट काम करतं. नाहीतर तांबडा गाळ होऊन तळाशी बसतं. म्हणजे आधी पाण्यात आम्ल ओता, मग ते मारा, मग गाळ उपसा. लोहाला एका जागी बसवता आलं असतं तर!

आता ऑस्ट्रेलियात चल. १९७४ साली मेलबर्न विद्यापीठात रिचर्ड रॉब्सन मुलांना शिकवण्यासाठी लाकडी गोळ्यांचे रेणू बनवत होते. गोळ्यांना भोकं कुठे पाडायची, ते त्यांनी सुताराला आखून दिलं. जोडायला बसले आणि चमकले, कारण भोकांच्या जागा बरोबर असल्या की आकृती जणू आपोआप घडत होती. खऱ्या अणूंनाही असंच जुळवता येईल? ही कल्पना त्यांनी दहा-बारा वर्षं मनात घोळवली आणि १९८९ मध्ये तांब्याचा पोकळ स्फटिक जाहीर केला.

हा स्फटिक म्हणजे मांडवच समज. धातूचे अणू या गाठी, कार्बनी रेणू हे बांबू आणि आत सगळी मोकळी जागा. अशा सांगाड्यांना ‘मॉफ’ म्हणतात. अमेरिकेत ओमार याघी यांनी १९९९ मध्ये बांधलेल्या ‘मॉफ-५’च्या दोन-चार ग्रॅम पुडीत आतल्या भिंतींचं क्षेत्रफळ फुटबॉलच्या मैदानाएवढं भरतं. पण हे बेटं दमट हवेतही ढासळतं! पाण्याच्या कामाला काय उपयोग? तिथे फ्रान्समधल्या व्हर्सायच्या जेरार फेरे यांच्या चमूने बांधलेले ‘मिल’ घराण्याचे सांगाडे जास्त चिवट निघाले. त्यांतल्या काहींच्या गाठी लोहाच्या असतात. रंगाचा रेणू पोकळीत शिरतो, पेरॉक्साइडही येतं, लोह गाठीत बसल्या बसल्या पेरॉक्साइडला फोडतं आणि मूलकाला सावज शेजारीच मिळतं. काम झालं की पूड गाळून घ्यायची आणि पुन्हा वापरायची.

अगं, हुरळून जाऊ नकोस. लोह थोडं थोडं झिरपतंच, आणि रेणू अर्धवट मोडला तर तुकडेही त्रासदायक असू शकतात. म्हणून नुसता रंग उडाला की पाणी साफ झालं, असं सांगणाऱ्यावर मी विश्वास ठेवत नाही. शिवाय हे काम अजून बहुतांशी प्रयोगशाळेतच आहे. तरी २०२५ चं रसायनशास्त्राचं नोबेल रॉब्सन, याघी आणि क्योतोचे सुसुमु कितागावा यांना या सांगाड्यांसाठीच मिळालं, आणि ते योग्यच झालं.

बांबू कुठून आणतात म्हणतेस? त्यातला एक नेहमीचा बांबू म्हणजे टेरेफ्थॅलिक आम्ल. तुझ्या हातातली पाण्याची बाटली ज्या प्लॅस्टिकची आहे, ते याच आम्लापासून बनतं, आणि टाकून दिलेल्या बाटल्या विरघळवून रसायनतज्ज्ञांनी असे सांगाडे बांधूनही दाखवले आहेत.