अशांत प्रदेशातील सहल : जावे की थांबावे?

नेपाळमध्ये ८ सप्टेंबर २०२५ रोजी तरुणांच्या निदर्शनांवर पोलिसांनी केलेल्या कारवाईत १९ जण मृत्युमुखी पडले. दुसऱ्या दिवशी पंतप्रधान के. पी. शर्मा ओली यांनी राजीनामा दिला. संसद भवन, सिंह दरबार आणि सर्वोच्च न्यायालय येथे आगी लावण्यात आल्या आणि दुपारनंतर काठमांडूचा त्रिभुवन विमानतळ बंद झाला. पशुपतिनाथाच्या दर्शनासाठी किंवा पोखऱ्याच्या सहलीसाठी गेलेले अनेक भारतीय पर्यटक त्या दिवशी हॉटेलांत अडकून पडले. त्यांत महाराष्ट्रातील कुटुंबेही होती.

आठवडाभर आधी यांपैकी कोणी नेपाळ सुरक्षित आहे का, असे विचारले असते तर बहुधा होकारार्थी उत्तर मिळाले असते आणि ते त्या वेळी खोटेही ठरले नसते. राजकीय अशांततेची शक्यता असलेल्या ठिकाणी सहलीला जावे की नाही, हे ठरवताना अडचण येते ती इथेच. एखादा देश सुरक्षित आहे की असुरक्षित, हा प्रश्न प्रवाशाच्या दृष्टीने फार ढोबळ आहे. गडबड झाली तर ती नेमकी कोठे होईल, त्या जागेवरून आपला रस्ता जातो का, आणि परतीची दुसरी वाट आहे का, हे प्रश्न अधिक उपयोगाचे आहेत.

सामान्यतः प्रवासी प्रथम सरकारी सूचनांकडे पाहतात आणि ते योग्यच आहे. मात्र या सूचनांचे स्वरूप समजून घ्यायला हवे. नेपाळमधील परिस्थिती निवळेपर्यंत तेथील प्रवास पुढे ढकलावा आणि तेथे असलेल्यांनी आहेत त्या ठिकाणीच थांबावे, अशी सूचना भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाने ९ सप्टेंबरला दिली. म्हणजे ती हिंसाचार सुरू झाल्यानंतर आली. यात मंत्रालयाचा दोष नाही. शेजारी देशात उद्या दंगल होईल, असे कोणतेही सरकार आगाऊ जाहीर करत नाही. सरकारी सूचना ही बहुतांशी घडलेल्या घटनेची नोंद असते, भाकीत नव्हे. त्यामुळे सूचना नाही याचा अर्थ धोका नाही, असा काढता येत नाही.

सूचनेतील शब्दही बारकाईने वाचावे लागतात. ‘सावधगिरी बाळगावी’, ‘अत्यावश्यक नसलेला प्रवास टाळावा’ आणि ‘प्रवास करू नये’ या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने २०१८ पासून देशांची चार स्तरांत विभागणी सुरू केली. ब्रिटनचे परराष्ट्र खाते अनेकदा एकाच देशातील वेगवेगळ्या प्रदेशांसाठी वेगळा सल्ला देते आणि नकाशावर तो भाग रंगवून दाखवते. हे सल्ले त्या त्या देशांच्या नागरिकांसाठी असले तरी कोणता जिल्हा, कोणता महामार्ग वगळायचा हे त्यांतून भारतीय वाचकालाही कळते. सूचना कोणत्या तारखेची आहे, हे पाहायला मात्र विसरू नये. वर्षापूर्वीची सूचना अनेक ठिकाणी जशीच्या तशी फिरत असते.

परतीच्या वाटेचे महत्त्व थायलंडच्या अनुभवावरून चांगले ध्यानात येते. २५ नोव्हेंबर २००८ रोजी बँकॉकमध्ये सरकारविरोधी निदर्शकांनी सुवर्णभूमी विमानतळ ताब्यात घेतला. शहरातील दुसरा विमानतळ डॉन म्युआंग हाही बंद पडला. न्यायालयाने सत्ताधारी पक्ष विसर्जित केल्यानंतर ३ डिसेंबरला निदर्शक हटले. तोपर्यंत लाखो प्रवासी खोळंबले होते. पट्टाया किंवा फुकेतच्या किनाऱ्यावर या काळात काहीही बिघडले नव्हते. सहल शांततेत पार पडली, घरी परतता मात्र येईना, अशी अनेकांची स्थिती झाली. काही प्रवाशांना पट्टायाजवळच्या उ-तपाव या नौदलाच्या धावपट्टीवरून बाहेर काढावे लागले.

याच्या उलट उदाहरणही त्याच देशातले आहे. २२ मे २०१४ रोजी थायलंडमध्ये लष्कराने सत्ता हाती घेतली आणि रात्री १० ते पहाटे ५ अशी संचारबंदी लागू केली. लष्करी उठाव हा शब्द ऐकूनच अनेकांनी सहली रद्द केल्या. परंतु विमानतळ सुरू राहिले, तिकीट आणि पासपोर्ट दाखवणाऱ्या प्रवाशांना संचारबंदीतही विमानतळावर जाऊ दिले जात होते आणि ३ जूनला पट्टाया, फुकेत व सामुई येथील संचारबंदी उठवण्यात आली. वृत्तपत्रांतील मथळा जितका मोठा तितका पर्यटकाचा त्रास मोठा, असे समीकरण नसते. अर्थात त्या देशातील नागरिकांना या घटनांची किंमत वेगळ्या प्रकारे मोजावी लागली, हेही नमूद करायला हवे.

भारतातही असा अनुभव आलेला आहे. दार्जिलिंगच्या डोंगराळ भागात ८ जून २०१७ रोजी गोरखा जनमुक्ती मोर्चाचे कार्यकर्ते आणि पोलीस यांच्यात चकमक उडाली. उन्हाळी पर्यटनाचा तो भर हंगाम होता. पर्यटकांना घाईघाईने खाली सिलिगुडीला आणावे लागले. त्यानंतर सुरू झालेला बेमुदत बंद १०४ दिवस चालला आणि सप्टेंबरच्या अखेरीस मागे घेण्यात आला. या आंदोलनाशी सिक्कीमचा प्रत्यक्ष संबंध नव्हता आणि गंगटोक शांत होते. तथापि सिक्कीमला उर्वरित देशाशी जोडणारा १० क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग पश्चिम बंगालच्या डोंगराळ भागातून जातो. पाक्योंगचा विमानतळ तेव्हा सुरू झालेला नव्हता. तो २०१८ मध्ये सुरू झाला. महामार्ग सुरक्षित राहावा यासाठी प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. गंगटोकला निघालेल्या प्रवाशाने केवळ गंगटोकच्या बातम्या वाचल्या असत्या, तर त्याला खऱ्या अडचणीचा पत्ताच लागला नसता.

तेव्हा सहलीचा कार्यक्रम नकाशावर मांडून पाहणे हे पहिले काम ठरते. नेपाळच्या बाबतीत काठमांडू ते पोखरा हा सुमारे २०० किलोमीटरचा डोंगरी रस्ता आहे. तो बंद झाला तर पोखऱ्याहून थेट दक्षिणेकडे सुनौली सीमेवर उतरता येते का, याचा विचार आधीच झालेला असावा. येथे कागदपत्रांचा एक बारकावा आहे. भारतीय नागरिकांना नेपाळसाठी व्हिसा लागत नाही आणि अनेक जण पासपोर्ट न घेताच रस्त्याने जातात. विमानाने ये-जा करायची असल्यास मात्र पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचे ओळखपत्र आवश्यक असते. १५ वर्षांखालील मुले आणि ६५ वर्षांवरील व्यक्तींना यात काही सवलत आहे. रस्त्याने गेलेल्या कुटुंबाला आणीबाणीत विमानाने परतायचे झाल्यास हा कागद जवळ नसणे महागात पडू शकते.

दुसरा मुद्दा तारखांचा. बहुतेक राजकीय आंदोलने पूर्वसूचना देऊन होतात. नेपाळ सरकारने नोंदणी न केलेल्या २६ समाजमाध्यमांवर ४ सप्टेंबरला बंदी घातली होती आणि ८ तारखेच्या निदर्शनांचे आवाहन आधीच झाले होते. इतका भडका उडेल हे कोणालाही सांगता आले नसते. परंतु त्या दिवशी राजधानीत, संसद भवनाच्या परिसरात गर्दी होणार, हे उघड होते. मतदानाचा व मतमोजणीचा दिवस, एखाद्या मोठ्या नेत्याविरुद्धच्या खटल्याचा निकाल, आंदोलनाचा वार्षिक दिन, बंदची हाक, या तारखा स्थानिक वृत्तपत्रांत मिळतात. त्या दिवसांत राजधानीत मुक्काम न ठेवता कार्यक्रम उलटा फिरवणे पुष्कळदा शक्य असते. परतीच्या विमानाच्या आधीच्या रात्री विमानतळापासून दूर राहण्याचा कार्यक्रमही टाळलेला बरा.

कधी कधी धोका रस्त्यावरच्या जमावात नसतोच. श्रीलंकेत २०२२ मध्ये आर्थिक संकटातून आंदोलन उभे राहिले आणि ९ जुलैला निदर्शक कोलंबोतील राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानात शिरले. जगभर ती दृश्ये दिसली. पर्यटकांना मात्र त्याआधी कित्येक आठवडे पेट्रोल आणि डिझेलच्या टंचाईने जेरीस आणले होते. कँडीला किंवा दक्षिण किनाऱ्यावर जायला वाहन मिळेल का आणि ते परत आणेल का, हीच विवंचना होती.

पैशाचा हिशेबही निर्णयाचा भाग आहे, कारण पुष्कळ लोक भीती वाटत असूनही केवळ भरलेली रक्कम बुडेल म्हणून निघतात. विमान कंपनीने स्वतः उड्डाण रद्द केले तर भारतीय नियमांनुसार परतावा किंवा पर्यायी उड्डाण मिळते. राजकीय अस्थिरता किंवा दंगल यांसारख्या कारणांसाठी जादा भरपाई मात्र मिळत नाही. प्रवाशाने आपणहून तिकीट रद्द केले तर तिकिटाच्या अटी लागू होतात. प्रवास विम्याबाबत गैरसमज अधिक आहेत. युद्ध, बंड, नागरी अशांतता या गोष्टी अनेक पॉलिसींमध्ये वगळलेल्या असतात आणि गडबड सुरू झाल्यानंतर काढलेल्या विम्यात ती आधीच माहीत असलेली घटना मानली जाते. म्हणून विमा आरक्षणाबरोबरच काढावा आणि वगळलेल्या बाबींचे पान आधी वाचावे. पर्यटन कंपनीचे रद्दीकरण शुल्क निघण्याची तारीख जवळ येईल तसे वाढत जाते. ते कोणत्या दिवशी वाढते हे विचारून घेतल्यास निर्णय घेण्याची अंतिम तारीख आपोआप ठरते आणि तोपर्यंत बातम्यांवर लक्ष ठेवता येते.

वृद्ध आई-वडील, लहान मुले किंवा नियमित औषधोपचार चालू असलेली व्यक्ती बरोबर असेल तर निकष अधिक कडक असायला हवेत. दोन तरुण मित्रांना हॉटेलात चार दिवस अडकून पडणे गैरसोयीचे वाटेल. डायलिसिसवर असलेल्या रुग्णासाठी तेच प्राणावर बेतणारे ठरू शकते. औषधांचा किमान आठवडाभराचा जादा साठा आणि थोडी रोख रक्कम जवळ असावी, कारण संचारबंदीत दुकाने आणि बँका बंद असतात आणि मोबाइलवरून पैसे देण्याची सोय चालेलच असे नाही.

परदेशी निघालेल्यांनी तेथील भारतीय दूतावासाचा दूरध्वनी क्रमांक कागदावर लिहून ठेवावा. परराष्ट्र मंत्रालयाचे ‘मदद’ हे संकेतस्थळ २०१५ पासून सुरू असून अडचणीत सापडलेल्या नागरिकांना तेथे तक्रार नोंदवता येते. काठमांडूचा विमानतळ १० सप्टेंबरच्या संध्याकाळी पुन्हा सुरू झाला, तेव्हा हॉटेलातून विमानतळापर्यंत पोहोचण्यासाठीही संचारबंदीत वाट काढावी लागत होती. छापील तिकीट आणि ओळखपत्र हाताशी असणे त्या वेळी उपयोगाचे होते.