मोटार व्यवसायातील साहाय्यक व्यवस्थापन लेखापाल: गैरसमज आणि वस्तुस्थिती

चेन्नईच्या अण्णा नगरालगतच्या पाडी भागात १९६० च्या दशकाच्या आरंभी ल्युकास-टीव्हीएस, ब्रेक्स इंडिया, व्हील्स इंडिया यांसारखे सुट्या भागांचे कारखाने उभे राहिले, आणि मोटारविक्रीची दालने व दुरुस्तीची वर्कशॉपेही या परिसराच्या अर्थव्यवहाराचा भाग झाली. अशा पेढ्यांत साहाय्यक व्यवस्थापन लेखापालाचे, म्हणजे निर्णयासाठी लागणारी आकडेवारी मांडणाऱ्याचे, काम हे जमाखर्च लिहिण्याचेच असते, असा समज रूढ आहे. प्रत्यक्षात झालेल्या व्यवहारांची नोंद वित्तीय लेखापाल करतो, तर व्यवस्थापन लेखापाल त्याच नोंदी विभागवार, मॉडेलवार आणि महिनावार फोडून पुढच्या महिन्याचा अंदाज बांधतो.

याहून घट्ट गैरसमज असा की, वितरकाची कमाई मुख्यतः नव्या गाड्यांच्या विक्रीतून होते. नव्या गाडीवरचा नफा बेताचा असतो, आणि सूट दिली की तोही आटतो. पेढीचा नित्याचा खर्च बहुधा वर्कशॉप आणि सुटे भाग भागवतात. या दोन विभागांचा ढोबळ नफा स्थिर खर्चाच्या किती टक्के आहे, हे दाखवणाऱ्या गुणोत्तराला व्यवसायात ‘ॲब्सॉर्प्शन’ म्हणतात. समजा, मासिक स्थिर खर्च २० लाख रुपये आहे आणि या दोन विभागांचा ढोबळ नफा १४ लाख. तर गुणोत्तर ७० टक्के होते आणि उरलेले ६ लाख रुपये गाड्यांच्या विक्रीतून यावे लागतात. कार्यालयाच्या भिंतीवर मात्र विक्रीचाच तक्ता लागलेला असतो.

यार्डातील उभ्या गाड्या ही श्रीमंतीची खूण मानणेही चूकच, कारण त्या बहुतेक कर्जावर घेतलेल्या असतात. १० लाखांच्या गाडीवर वार्षिक ९ टक्के व्याज धरले तर ६० दिवसांत सुमारे १४,८०० रुपये जातात, आणि वर्ष उलटले की जुन्या उत्पादनवर्षाची म्हणून तिची किंमतही उतरते. म्हणून साठ्याचे वय दिवसांत मोजणे हा या पदाचा नित्यक्रम असतो.

‘वस्तू व सेवा कर ग्राहक भरतो, पेढीला त्याचे काय?’ हा प्रश्नही फसवा आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या मोटारींवरील कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि मोटारींवरील भरपाई उपकर संपला. परंतु जुन्या साठ्यावर आधीच भरलेल्या उपकराची जमा फक्त उपकराच्याच देण्यात वळती करता येत असल्याने, देणेच संपल्यावर ती खात्यात अडकून पडली. जुन्या गाड्यांच्या व्यापारात जानेवारी २०२५ पासून १८ टक्के कर केवळ खरेदी-विक्रीच्या फरकावर लागतो, मात्र खरेदीवरील कराची जमा घेतलेली नसावी लागते. फरक उणे असेल तर तो दुर्लक्षिला जातो, दुसऱ्या गाडीच्या नफ्यातून वजा होत नाही. एका गाडीवर ६०,००० रुपये मिळाले आणि दुसरीवर २०,००० गेले, तर हाती ४०,००० उरूनही कर ६०,००० वर, म्हणजे १०,८०० रुपये, द्यावा लागतो. अशा व्यापारात प्रत्येक गाडीचा वेगळा हिशेब हाच खरा हिशेब होय, कारण सरासरी येथे दिशाभूल करते.

सनदी लेखापाल असल्याशिवाय हे पद मिळत नाही, हाही भ्रम आहे. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १४८ नुसार परिव्यय लेखापरीक्षण व्यवसायरत परिव्यय लेखापालासाठी राखीव असले, तरी कंपनीअंतर्गत व्यवस्थापन लेखांकनाला असे बंधन नाही; वाणिज्य पदवीधर किंवा परिव्यय लेखांकनाच्या मधल्या टप्प्यावरील उमेदवारही त्यात शिरतात. ‘साहाय्यक’ या पदनामामुळे तो निर्णयप्रक्रियेबाहेर असतो असेही मानले जाते. निर्णयाचा अधिकार वरिष्ठांकडे असतो हे खरे. पण बिल न झाल्याने उघडे राहिलेले दुरुस्तीचे जॉब कार्ड, विमा कंपनीकडून यायचे दावे किंवा उत्पादकाकडे थकलेले प्रोत्साहन अहवालात आलेच नाही, तर त्या वरिष्ठाचा निर्णय अपुऱ्या आकड्यांवर होतो.