ऱ्होनच्या काठी हिंदुस्थानचा रुपया

भोपाळच्या चौकाच्या तोंडाशी शौकत महाल उभा आहे. पाहुणा आला की आपण त्याला तो दाखवतो, बांधणीत फ्रेंच धाटणी कशी आहे ते सांगतो, आणि ओघानेच बूरबाँ घराण्याची कथा निघते. शहजाद मसीह म्हणून ओळखले जाणारे बाल्थझार बूरबाँ, त्यांच्या पत्नी इझाबेला ऊर्फ सरकार दुल्हन, आणि हे खरोखर फ्रान्सच्या राजकुळातले की नव्हेत हा न संपणारा वाद. मराठी घरात ही कथा सांगताना मात्र थोडी पंचाईत होते. हे घराणे भोपाळ दरबारच्या चाकरीतले, आणि १८१२-१३ साली ह्या शहराला जो वेढा पडला तो घालणारे ग्वाल्हेर-नागपूरचे, म्हणजे आपलेच लोक. फ्रेंच तटाच्या आत, आपण बाहेर!

पण फ्रेंच बोलणारे सरदार आपल्या बाजूसही होतेच. महादजी शिंद्यांची कवायती पलटणे उभी करणारा डी बॉयन हे नाव ग्वाल्हेरकडून आलेल्या कुटुंबांतून आजही सहज निघते. तो माणूस कोठला, पुढे त्याचे काय झाले, हे मात्र क्वचितच कोणी सांगतो. ह्याचे उत्तर एका नदीच्या खोऱ्यात सापडते, आणि ती नदी आता आठवड्याभराच्या नौकाविहारासाठी जगप्रसिद्ध झाली आहे. ऱ्होन नदी ती. दक्षिणेकडील आर्ल किंवा आव्हिन्यों येथे नावेत बसावे आणि द्राक्षमळ्यांमधून प्रवाहाविरुद्ध लियोंपर्यंत जावे, असा हा प्रवास. वरून खालीही येता येते, पण आमच्या मते समुद्राकडून वर जाण्यातच मौज आहे. हिंदुस्थानातून पैसा गाठीस बांधून परतणारी माणसे ह्याच दिशेने घरी गेली असती.

नावेत बसण्यापूर्वी एक दिवस मार्सेय बंदरासाठी ठेवावा. ८ जुलै १९१० रोजी ‘मोरिया’ बोटीच्या गवाक्षातून सावरकरांनी ह्याच बंदरात उडी घेतली. किनारा गाठला, धावले, पण फ्रेंच शिपायाने धरून त्यांना पुन्हा इंग्रजांच्या हवाली केले. प्रकरण हेगच्या लवादापुढे गेले आणि फेब्रुवारी १९११ मध्ये निकाल झाला की सावरकरांना परत देण्याचे बंधन इंग्लंडवर नाही. बंदर आज इतके गजबजलेले आहे की ती उडी मनातल्या मनातच पाहावी लागते.

आर्ल येथे रोमन लोकांचे प्रेक्षागार आहे, इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या अखेरीचे. वीस हजार माणसे बसत असत. व्हॅन गॉग फेब्रुवारी १८८८ मध्ये ह्या गावी आला आणि त्याच वर्षी ऱ्होनवरची चांदण्यांची रात्र रंगवली. चित्रातला घाट पाहायला लोक रात्री गर्दी करतात. आव्हिन्योंस पोपचा राजवाडा आहे. १३०९ पासून १३७७ पर्यंत रोमऐवजी येथे पोपची गादी होती. राजवाडा कसला, गढीच ती. बुंदेलखंडात शोभावी अशी. शेजारचा प्रसिद्ध पूल बाराव्या शतकातला. बावीस कमानींपैकी चार उरल्या आहेत आणि नदीच्या मध्यावर पूल एकदम थांबतो. पुरांनी तो इतक्या वेळा मोडला की सतराव्या शतकात लोकांनी दुरुस्तीचा नाद सोडला.

ह्यावरून मूळची ऱ्होन कशी होती ते समजावे. स्वित्झर्लंडमधल्या हिमनदीतून निघून आठशे बारा किलोमीटर धावणारी ही नदी फार अवखळ. वर जाणाऱ्या नावा घोडे लावून काठावरून ओढीत. खाली येताना जे अंतर थोड्या दिवसांत संपे त्यालाच वर जाताना आठवडेच्या आठवडे लागत. आगबोटी आल्या आणि घोडेवाल्या नावाड्यांचा धंदा बुडाला. त्या बुडालेल्या जगावर मिस्त्राल ह्या कवीने १८९७ साली दीर्घकाव्य प्रसिद्ध केले, तेही फ्रेंचमध्ये नव्हे, प्रोव्हाँसच्या आपल्या बोलीत. १९०४ चे नोबेल पारितोषिक ह्याच कवीला विभागून मिळाले. परप्रांतात राहून घरची भाषा टिकवू पाहणाऱ्यांनी हे नाव लक्षात ठेवण्याजोगे आहे.

आता नदी माणसाळली आहे. १९३३ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय ऱ्होन कंपनीने तिच्यावर ओळीने बंधारे घातले. प्रत्येक बंधाऱ्याशी नावांसाठी पाण्याची एक कोठडी असते. तिला इंग्रजीत लॉक म्हणतात. नाव आत शिरली की मागचे दार बंद होते, वरचे पाणी आत सोडतात, नाव हळूहळू वर उचलली जाते आणि पुढचे दार उघडते. समुद्र आणि लियों यांच्यामध्ये अशा बारा पायऱ्या आहेत. कोठडीची रुंदी बारा मीटर आणि नाव साडेअकराच्या आसपास, म्हणजे दोन्ही अंगांना वीतभर जागा! बोलेन येथील कोठडी १९५२ ची. ती नावेला सुमारे बावीस-तेवीस मीटर उचलते. सात मजली वाड्याच्या जोत्यावरून गच्चीवर गेल्यासारखे वाटते. गच्चीवर उभे असलेले सगळे गप्प होतात. आमच्या मनात मात्र नर्मदा आली. व्हिव्हिए, तूरनों ही काठची जुनी गावे आपापल्या देवळांसह जागच्या जागी उभी आहेत. २००४ साली इंदिरा सागराच्या पाण्यापायी हरसूद उठताना ज्यांनी पाहिले, त्यांना हे काठ पाहून बरे वाटते आणि वाईटही.

आता द्राक्षांबद्दल. सांगून टाकलेले बरे की आमच्या पिढीच्या घरांत द्राक्षांचा आणि बाटलीचा संबंध द्राक्षासवापुरताच होता. दोन चमचे, समभाग पाण्यातून, वैद्य सांगतील तितके दिवस. तेव्हा वाइनच्या चवीवर आम्ही अधिकारवाणीने बोलणे योग्य नव्हे. पण वेलीबद्दल बोलता येईल, आणि खरी गोष्ट तिथेच आहे.

आव्हिन्योंच्या थोडे वर रोकमोर नावाचे लहानसे गाव लागते. एके काळी ऱ्होनकाठच्या वाइनचे मोठे बंदर. १८६० नंतरच्या दोन-चार वर्षांत ह्या परिसरातील वेली विनाकारण सुकू लागल्या. अमेरिकेतून हौसेने आणलेल्या वेलींबरोबर मुळे शोषणारा एक सूक्ष्म किडा आला होता, त्याचे नाव फिलॉक्सेरा. पुढच्या तीसेक वर्षांत त्याने फ्रान्सचे बहुतेक द्राक्षमळे खाऊन टाकले. शेतकरी देशोधडीला लागले, कित्येक समुद्रापार अल्जीरियात गेले. शेवटी उपाय निघाला तो रोग आणणाऱ्या अमेरिकन वेलीतच. तिची मुळे किड्याला दाद देत नाहीत; म्हणून खुंट अमेरिकेचा आणि वर डोळा फ्रान्सचा, असे कलम बांधायचे. नाशिक-सांगलीकडचे बागाईतदार डॉगरिजच्या खुंटावर कलम करतात. तो डॉगरिजही मूळ अमेरिकेचाच. त्यांना ह्या काठावर काही परके वाटणार नाही.

रोकमोरच्या समोरच्या अंगाला शातोनफ द्यू पाप, म्हणजे पोपचा नवा गड. गोट्यांनी भरलेली जमीन. दिवसा तापते आणि रात्री वेलींना ऊब देते. १९५४ साली तेथल्या नगराध्यक्षांनी रीतसर हुकूम काढला की गावच्या हद्दीतून उडत्या तबकड्या उडू नयेत अथवा उतरू नयेत. त्यानंतर एकही उतरली नाही, असे गावकरी अभिमानाने सांगतात.

आणखी वर, तूरनोंच्या समोर, एर्मिताजची टेकडी आहे. धर्मयुद्धाहून परतलेला एक सरदार तिच्यावर संन्यासी होऊन राहिला आणि त्याने येथे वेल लावली, अशी आख्यायिका. तो वेल इराणातल्या शिराजहून आणला असेही पूर्वी सांगत. शास्त्रज्ञांनी विसाव्या शतकाच्या अखेरीस आनुवंशिक तपासणी केली, तेव्हा ह्या सिरा द्राक्षाचे आई-बाप ह्याच मुलखातले निघाले. आख्यायिका गेली, पण नाशिकला गोदाकाठी पिकणारे हेच द्राक्ष आजही शिराज म्हणूनच विकले जाते. टेकडी मात्र पाहण्यासारखी आहे. दगडी बांध घालून केलेल्या चिंचोळ्या पायऱ्या इतक्या उभ्या की सगळी कामे हातांनीच करावी लागतात. सह्याद्रीच्या उतारावरची नाचणीची शेते आठवतात.

व्हिएन येथे ऑगस्टसचे रोमन देऊळ शाबूत आहे. तेथून लियों लांब नाही.

लियोंस ऱ्होनला डावीकडून सोन नदी मिळते असे वाटते, कारण आपण उलटे येत असतो. वस्तुतः ती उजव्या काठाने येते. सोन हे नाव ऐकताच मध्य प्रदेशातल्या माणसाचे कान टवकारतात. आपला शोण आणि नर्मदा दोघेही अमरकंटकचे, पण लग्न मोडले आणि नर्मदा रुसून एकटी पश्चिमेला गेली, ही कथा कोणाला ठाऊक नाही? येथे नद बनला आहे ऱ्होन आणि नदी सोन. आणि त्यांचे लग्न सुखरूप लागले आहे.

ह्याच शहरात १७३५ साली क्लोद मार्तँ जन्मला. फ्रेंच फौजेतून हिंदुस्थानात आला, पुढे इंग्रजांकडे गेला, लखनौच्या नवाबाच्या आश्रयाने अमाप संपत्ती मिळवली आणि १८०० साली तेथेच वारला. मृत्युपत्राने त्याने शाळांना पैसा ठेवला. लखनौ आणि कलकत्ता येथील ला मार्तिनिएर शाळा आपल्याला माहीत असतात; तिसरी लियोंत आहे. अवधच्या पैशावर उभ्या राहिलेल्या त्या शाळेत पुढे ऑग्यूस्त आणि लुई ल्यूमिएर हे दोघे भाऊ शिकले. त्यांचे हलते चित्र ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात दाखवले गेले, आणि १९१३ साली त्र्यंबकेश्वरच्या फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ काढला. रुपया कोठून निघतो आणि कोणत्या वाटेने परत येतो!

डी बॉयनच्या रुपयाने मात्र परतीची वाट धरली नाही. लियोंहून सुमारे शंभर किलोमीटरवर शाँबेरी आहे; आगगाडीने दीड तासाच्या आत-बाहेर. नौकाविहाराच्या कार्यक्रमात हे गाव सहसा नसते. एक दिवस जास्त घालून अवश्य जावे. तेथले पाणी बूर्जेच्या सरोवरातून शेवटी ऱ्होनलाच मिळते. १७५१ साली तो येथे जन्मला तेव्हा हा मुलूख फ्रान्सचा नव्हता, साव्हॉयच्या घराण्याचा होता. १८६० पासून तो फ्रान्सचा झाला. फ्रेंचांच्या चाकरीतील आयरिश पलटण, रशियन फौज, तुर्कांची कैद असे करीत तो १७७८ मध्ये मद्रासला पोहोचला आणि १७८४ मध्ये महादजींकडे. पाटण, मेडता ह्या १७९० च्या लढाया त्याच्या पलटणांनी मारल्या. मध्यंतरी काही काळ चाकरी सोडून तो लखनौस राहिला, तेव्हा व्यापारात त्याला वाट दाखवणारा हाच क्लोद मार्तँ. पलटणांच्या खर्चासाठी महादजींनी अंतर्वेदीतला सुपीक मुलूख तोडून दिला होता, आणि पगाराखेरीज त्या वसुलीवर त्याची टक्केवारी होती. म्हणजे अलीगडकडच्या कुणब्याचा शेतसारा तो.

१ जून १७९३ रोजी लाखेरीला ह्याच पलटणांनी तुकोजी होळकरांची फौज मोडली. भोपाळात आज एकाच गणेशोत्सवाच्या मांडवात शेजारी बसणाऱ्या ग्वाल्हेरकर आणि इंदूरकर कुटुंबांचे पूर्वज त्या दिवशी समोरासमोर असण्याचा संभव आहे. दोन्हीकडच्या मेलेल्यांची नावे कोठे कोरलेली नाहीत. महादजी पुढच्याच वर्षी वानवडीस वारले आणि डी बॉयन थोड्याच अवधीत पैसा घेऊन युरोपास गेला.

शाँबेरीत त्याने रुग्णालयाला दिले, वृद्धांना दिले, गोरगरिबांना दिले; कमानींचा एक मोठा रस्ता त्याच्या नावाचा आहे. १८३० मध्ये तो मेला. आठ वर्षांनी गावाने चौकात कारंजे उभारले. मधोमध ताडाच्या खोडासारखा खांब, त्यावर डी बॉयन, आणि खाली चार दिशांना तोंडे केलेले चार हत्ती सोंडेतून पाणी सोडत आहेत. हत्ती फक्त पुढच्या अर्ध्या अंगाचे. मागचा भाग खांबातच गडप. म्हणून गावकरी थट्टेने त्यांना ‘चार बिनबुडाचे’ म्हणतात. मुले पाण्यात हात घालतात, म्हातारी माणसे बाकांवर बसतात. दानशूर माणूस, असे त्याचे नाव निघते. ते खोटे नाही. फक्त देणाऱ्याला ते कोणी दिले हे आपण जाऊन पाहायचे.

त्याच्याबरोबर हिंदुस्थानातून एक बाईही गेली होती, नूर नावाची, दोन मुले घेऊन. इंग्लंडात पोहोचल्यावर तिचे नाव हेलेना बेनेट झाले. डी बॉयनने १७९८ मध्ये एका फ्रेंच उमराव घराण्यातील मुलीशी लग्न केले. नूर ससेक्समध्ये राहिली, त्याने नेमून दिलेल्या तनख्यावर, त्याच्यामागे तेवीस वर्षे. १८५३ साली ती गेली. तिची कबर हॉर्शमला आहे.