पेन्सिलीच्या कामात कान

आवडत्या गवयाचं चित्र काढताना त्याचं गाणं लावायचं ते 'मूड' यावा म्हणून, असं बहुतेक चित्रकार सांगतात. मला हे कारण तकलादू वाटतं. मूडने फार तर हाताची लय बदलते. विलंबितात रेघ लांबते, द्रुतात शेडिंग खरबरीत होतं. गाण्याचा खरा उपयोग माहिती मिळवण्याचा. कळव्यात बसून पं. राम मराठ्यांचं चित्र काढायचं तर (खाडीपलीकडचं ठाणं हेच त्यांचं गाव झालं होतं) समोर फोटोच ठेवावा लागतो, कारण बुवा १९८९ साली गेले. गातानाच्या फोटोत तोंड उघडं असतं, पण का उघडं, हे फोटो सांगत नाही. ते न कळता काढलं की गवई जांभई देतोय असं वाटतं. ऐकताना कळतं, की आकारात जबडा सैल सुटतो, 'ई'ला ओठांचे कोपरे ताणतात, जबड्याच्या तानेत हनुवटीच हलते. मग ४बी कुठे दाबायची आणि कुठे एचबीवर भागवायचं, हे ठरवता येतं.

यावर कुणी म्हणेल, लावलेलं ध्वनिमुद्रण काही त्या फोटोच्या क्षणाचं नसतं. खरं आहे. पण शोधायचा असतो तो क्षण नव्हे, चेहऱ्याची सवय. आणि ती तासभर ऐकल्यावर हाती लागते. पण ही सवय एकच नसते. मराठेबुवांची तालीम मास्टर कृष्णराव आणि जगन्नाथबुवा पुरोहितांकडची, शिवाय १९६३ च्या 'मंदारमाला' या नाटकाचं संगीत त्यांचं आणि त्यात ते गातही. नाट्यपदात शब्द शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायचा असल्याने ओठांना काम जास्त, मैफलीत तानेचा भार गळ्यावर. यातला कुठला गायक कागदावर हवा, हे आधी ठरवावं लागतं. दोघांची सरासरी काढली की चेहरा कुणाचाच राहत नाही.

दुसरा आक्षेप मला जास्त पटतो. भक्तीने हात गोड होतो, सुरकुत्या पुसल्या जातात, आणि गाणं चालू असताना तर हमखास. म्हणून कपाळ, नाक, हनुवटी यांची मापं गाणं बंद ठेवून घ्यावीत, फोटो आणि कागद दोन्ही उलटे धरून तपासावीत. गाणं लावावं ते तोंड आणि मान काढताना. डोळ्यांच्या बाबतीत मात्र कानाची फारशी मदत होत नाही. तिथे पुन्हा फोटोच पाहावा लागतो, आणि जुन्या छपाईत नेमके तिथेच काळे डाग असतात.