बार्शी लाईटची इंग्लंडातली धाकटी बहीण

इंग्लंडच्या स्टॅफर्डशायर परगण्यात ह्यूम एंड नावाचं बारकंसं गाव आहे. तिथल्या स्टेशनात १९३४ नंतर एकही गाडी आलेली नाही, तरी रविवारी चांगली वर्दळ असते. तिकीटघरात पर्यटकांसाठी माहिती केंद्र आहे आणि इंजिनाच्या शेडमध्ये चहाचं दुकान. लेकीकडे मँचेस्टरला गेलो की मी तिथे जायचा हट्ट धरतो. तिला वाटतं, बाबांना तिथला केक आवडतो.

केक बरा असतो. पण आम्ही पडलो बार्शीचे, बार्शी लाईटच्या छोट्या गाडीत वाढलेले. आणि ज्यानं ती गाडी सुरू केली त्याच एव्हरार्ड कॅलथ्रॉपनं पुढे ह्यूम एंडची ही लाईन आखली.

कॅलथ्रॉप १८८२ साली जीआयपी रेल्वेच्या नोकरीत हिंदुस्थानात आला. बार्शी म्हणजे तेव्हा कापूस-धान्याची मोठी पेठ, पण मुख्य लाईनपासून बाजूला, कुर्डुवाडीहून तीसेक किलोमीटर आत. त्यानं नोकरी सोडली, लंडनमध्ये कंपनी काढली आणि १८९७ साली कुर्डुवाडी-बार्शी गाडी सुरू केली. रुळांमधलं अंतर अवघं अडीच फूट. त्याची खरी हुशारी वजनाच्या वाटणीत होती. इंजिन असो की मालडबा, कुठल्याही आसावर पाच टनांहून जास्त भार येऊ द्यायचा नाही, हा नियम. मग हलके, स्वस्त रूळ चालतात आणि तरीही डब्यात भरपूर माल मावतो. १९०६ साली गाडी पंढरपूरला पोचली, १९११ साली लातूरला, १९२७ साली मिरजेला. त्याच वर्षी कॅलथ्रॉप वारला. मधल्या काळात गड्यानं विमानातून उडी मारायचं पॅराशूट बनवलं, अरबी घोडे पाळले आणि घोड्यांवर पुस्तकही लिहिलं.

१९०४ साली मॅनिफोल्ड नदीच्या खोऱ्यात सुरू झालेली ही ह्यूम एंडची लाईन बार्शीचंच बिऱ्हाड उचलून नेल्यासारखी होती. तेच अडीच फूट. डब्यांना दोन्ही टोकांना सज्जे, रंग फिकट पिवळा. इंजिनांवर आपल्याकडच्या अंधाऱ्या माळरानाला शोभतील असे भलेमोठे दिवे. ते तिथे कधी वापरलेच नाहीत म्हणतात. दोनांपैकी एका इंजिनाचं नावच कॅलथ्रॉप.

पण बार्शीला धान्य होतं, पंढरीचे वारकरी होते. गर्दी मावेना तेव्हा मालडबेही माणसांनी भरायचे. मॅनिफोल्डच्या खोऱ्यात काय होतं? गाई. दूध लंडनला जायचं, एवढाच काय तो भरवशाचा धंदा. वाटेतली डेअरी बंद पडली तशी मार्च १९३४ मध्ये गाडीही थांबली. म्हणजे जेमतेम तीस वर्षं. इंजिनिअर तोच, गेज तेच. गिऱ्हाईक मात्र नव्हतं.

पुढे जे झालं ते मला रेल्वेपेक्षाही शहाणपणाचं वाटतं. रेल्वे कंपनीनं रुळांखालची सगळी जमीन सलग, एकही तुकडा न पाडता काउंटी कौन्सिलला देऊन टाकली. १९३७ साली तिची पायवाट झाली. आज सुमारे तेरा किलोमीटर डांबरी वाट आहे. तिच्यावर लोक चालतात, सायकली हाकतात, ढकलगाडीत पोरं घालून आजी-आजोबा निघतात. गाडीची वाट म्हणून चढ बेताचा, माझ्या गुडघ्यांनाही झेपणारा. वाटेत एक बोगदा लागतो, त्यातून मोटारीही जातात, तेवढं जपून राहावं लागतं. उन्हाळ्यात नदी चुनखडीच्या दगडात शिरून जमिनीखाली गडप होते, नुसतं कोरडं पात्र उरतं. आमच्या सीना नदीकाठच्या माणसाला त्याचं काय अप्रूप, पण इंग्रज थांबून फोटो काढतात.

ह्यूम एंडचं स्टेशन टिकलं ते या वाटेमुळे. माणूस दहा-बारा किलोमीटर चालून आला की त्याला चहा लागतोच. वाट तुकड्या-तुकड्यांनी विकली असती तर शेडमध्ये कोण कशाला बसलं असतं?

आपल्याकडचा मामला वेगळा. बार्शी लाईट १९५४ साली सरकारनं घेतली. पुढे गेज बदलून बऱ्याच मार्गावर मोठी गाडी आली, आणि ती यायलाच हवी होती. २०१६च्या दुष्काळात मिरजेहून लातूरला पाण्याची गाडी धावली ती त्यामुळेच. छोट्या गाडीच्या खुणा मात्र मोठीच्या खाली गेल्या. कुर्डुवाडीचा कारखाना तेवढा कामात राहिला. तिथे माथेरानच्या गाडीची दुरुस्ती होऊ लागली, आणि तिचं गेज तर बार्शीपेक्षाही अर्ध्या फुटानं कमी.